ऑपरेशन करू, की अजून एकदा डाएट?

प्रश्न : माझं वय ४२, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ९८ किलो. शाळेत शिक्षिका आहे. पाच वर्षांपासून डायबिटीस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आलं. बीपीची एक गोळी आहे. गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून तीन-चारदा पेनकिलर घ्यावी लागते. रात्री छातीत जळजळ होते. मिस्टर म्हणतात, मी घोरते आणि मध्येच श्वास अडकतो. आजवर दोनदा अगदी मनापासून डाएट केलं. पहिल्यांदा ११ किलो उतरलं आणि दीड वर्षात १३ चढलं. दुसऱ्या वेळीही तेच झालं. आता एका सर्जननी जठर कापून लहान करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन सुचवलंय, म्हणाले पुढच्या महिन्यात करून टाकू. सासूबाई म्हणतात, जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापायला निघालीस. मला खरंच कळत नाहीये. ऑपरेशन करू, की परत एकदा नेटाने डाएट आणि चालणं सुरू करू? आणि ऑपरेशन केलंच तर पुढे उपास करता येतात का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी आमचं मत सांगतो, कारणं नंतर. तुमचे आकडे पाहता कल ऑपरेशनकडे जातो. पण पुढच्या महिन्यात नको, आणि एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी) झाल्याशिवाय स्लीव्ह तर मुळीच ठरवू नका. मधल्या बारा आठवड्यांत आहार आणि हालचालीचं काम करायचंच आहे. ऑपरेशन झालं तरी ते लागणार, नाही झालं तरी लागणार.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढू. ९८ भागिले १.५८, आलेल्या उत्तराला परत १.५८ ने भागलं की ३९.३ येतो. बरीच वर्षं जगभर नियम असा होता की बीएमआय ४० असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत डायबिटीस, बीपी असे आजार असतील, तर ऑपरेशनचा विचार करावा. तो नियम १९९१ मधला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय बॅरिअ‍ॅट्रिक (वजन घटवणारी ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जन संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर, सोबत आजार असो वा नसो, ऑपरेशनची शिफारस आहे. आशियाई लोकांसाठी हा उंबरठा आणखी खाली, २७.५ पासून सुरू होतो, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि साखर लवकर बिघडते. थोडक्यात, सर्जनने तुम्हाला उगाच भरीस घातलेलं नाही. जुन्या नियमातही तुम्ही बसता आणि नव्यातही.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालू नका, पण स्वतःला मात्र हे नीट समजावून सांगा. तुमचे ११ किलो उतरले तेव्हा शरीराने दोन गोष्टी केल्या. पहिली, रोजचा ऊर्जेचा खर्च कमी केला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण २० ते ३० कॅलरी, म्हणजे तुमच्या बाबतीत दिवसाला अडीच-तीनशे. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची असते, ती म्हणजे भूक. ती किलोमागे सुमारे १०० कॅलरींनी वाढते. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन उतरवल्यावर भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलं आणि पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरकं घटलेली असतात, आणि वर्षानंतरही ती जागेवर आलेली नव्हती. जी माणसं जन्मात कधी ९८ किलोंची झाली नाहीत त्यांना ही ओढ माहीत नसते. हळदीकुंकवाला समोर आलेल्या ताटलीतला एक पेढा ती सहज नाकारतात, कारण त्यांचं शरीर तो मागतच नसतं.

मग डाएटने काही होतच नाही का? होतं, आणि किती होतं हे मोजलेलं आहे. अमेरिकेत पाच हजारांवर डायबिटीस असलेल्या जाड माणसांवर ‘लुक अहेड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांना आहारतज्ज्ञ, गटबैठका, आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम असं सगळं मिळालं. पहिल्या वर्षी त्यांचं वजन सरासरी ८.६ टक्के घटलं. वर्षं सरली तशी ती घट सहा टक्क्यांवर आली. तुमच्या हिशेबात हे पहिल्या वर्षी आठ किलो आणि पुढे टिकणारे सहा. साखर सुधारली, श्वासाचा अडथळा कमी झाला, गोळ्या कमी झाल्या. हृदयविकाराचे झटके मात्र अपेक्षेइतके घटले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये तो प्रयोग थांबवला. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या प्रयोगात जास्त कडक वाट धरली होती. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरींचं पातळ खाणं, मग हळूहळू जेवण. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा डायबिटीस गोळ्यांशिवाय काबूत होता, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांचा. ज्यांचं १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात तर पहिल्या वर्षी दहापैकी जवळपास नऊ. डायबिटीस नवा असेल, इन्सुलिन नसेल तर ही वाट खरी आहे. पण १५ किलो उतरवून टिकवणाऱ्यांची संख्या थोडीच असते, आणि तुमचे दोन प्रयत्न तेच सांगताहेत.

ऑपरेशनने पहिल्या वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के उतरतं, म्हणजे तुमचे २४ ते २९ किलो. ९८ चे सत्तरच्या आसपास. बीएमआय तेव्हा २८ असेल. बारीक होणार नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. ऑपरेशननंतर निराश होणाऱ्यांत बरेच जण असे असतात की ज्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या अल्बममधला फोटो असतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजार माणसांचा मागोवा घेतला गेला. ऑपरेशन झालेल्यांचं वजन २० वर्षांनीही सरासरी १८ टक्के खाली होतं, न झालेल्यांचं जिथल्या तिथे. त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. डायबिटीसचं मात्र पूर्ण सांगायला हवं. दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा गेला होता, १५ वर्षांनी ३० टक्क्यांचाच गेलेला राहिला. तो परत येऊ शकतो. जितका जुना आणि इन्सुलिनवर गेलेला, तितकी परत येण्याची शक्यता जास्त. तुमचा पाच वर्षांचा आहे आणि इन्सुलिन नाही. म्हणूनच आणखी पाच वर्षं ‘बघू या’ म्हणण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

आता खरी गाठ आहे ती इथे, कोणतं ऑपरेशन यात: स्लीव्ह की बायपास (जठराचा, हृदयाचा नव्हे).

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण तीन-चतुर्थांश, स्टेपलने शिवून कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, शे-दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. काढलेल्या भागातच घ्रेलिन जास्त बनतं, म्हणून भूक कमी होते. आतडं जिथल्या तिथे राहतं, ऑपरेशन तुलनेने सुटसुटीत असतं, त्यामुळे ते जास्त केलं जातं. पण नळी अरुंद असते आणि आतला दाब वाढतो. आम्ल वर अन्ननलिकेत ढकललं जातं. तुम्हाला रात्रीची जळजळ आत्ताच आहे! फिनलंडमध्ये २४० रुग्णांत स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. दहा वर्षांनी एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्या ३१ टक्क्यांत दिसली, बायपासवाल्या ७ टक्क्यांत. जळजळीमुळे पुढे स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागलेले रुग्ण कमी नाहीत.

बायपासमध्ये वरच्या टोकाला दोन टेबलस्पून मावतील एवढी, म्हणजे साधारण ३० मिलिलिटरची, पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग आणून तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं. जळजळ बहुधा थांबते, साखरेवर परिणाम थोडा जास्त होतो. पण तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट इथे आडवी येते, पेनकिलर. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, तो फुटूही शकतो. बायपास करायचा तर या गोळ्या कायमच्या बंद. गुडघ्यांना पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि फिजिओथेरपी. तंबाखूचंही तसंच. सिगारेट बायका ओढत नाहीत असं म्हणून डॉक्टर कधी विचारत नाहीत, पण सकाळी मिशरी लावत असाल तर ती आपण होऊन सांगा. तोही तंबाखूच आहे. किमान सहा आठवडे आधी ती सुटायला हवी आणि परत सुरू व्हायला नको.

म्हणून क्रम असा धरा. आधी एंडोस्कोपी, सोबत जठरात अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणी, कारण बायपासनंतर उरलेल्या जठरात साध्या दुर्बिणीने पोचता येत नाही. अन्ननलिकेला जास्त सूज, तिच्या अस्तरात बॅरेट्स नावाचा बदल किंवा मोठा हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) निघाला तर स्लीव्हचा विषय संपला. एंडोस्कोपी स्वच्छ असेल, जळजळ फक्त उशिरा आणि तिखट जेवण्याने होत असेल आणि गुडघ्यांसाठी पेनकिलर अजिबात सोडता येत नसेल, तर स्लीव्हवर परत बोलता येईल. सर्जनना सरळ विचारा, “मला जळजळ असताना स्लीव्हच का?” याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. बायपास ते स्वतः करतात का, वर्षाला किती करतात, हेही विचारा. हातात एकच ऑपरेशन असलं की प्रत्येकाला तेच बसतं.

दुसरी तपासणी झोपेची. श्वास अडकतो म्हणताय त्यावरून स्लीप अ‍ॅप्निया असावा. तपासणीत तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडकला तर तो तीव्र. मग ऑपरेशनआधी काही आठवडे सीपॅप मशीन (नाकावाटे दाबाने हवा देणारं) लावून झोपायचं आणि तेच मशीन दवाखान्यात न्यायचं. हे न तपासता भूल दिली तर पहिल्या रात्री ऑक्सिजन उतरण्याचा धोका असतो. बाकी थायरॉइड, सोनोग्राफी (पित्ताचे खडे आणि यकृत), टूडी इको, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि डी जीवनसत्त्व. शाकाहारी असाल तर बी१२ आत्ताच कमी असण्याची शक्यता बरीच, ते आधी भरून काढावं लागतं. आणि एचबीए१सी ८ च्या खाली यायला हवं. जखम भरण्यासाठी ते बरं.

यासाठीच बारा आठवडे. पण सुरुवात करायच्या आदल्या दिवशी तुमच्या डायबिटीसच्या डॉक्टरांना फोन करा. ग्लिमेपिराइड जेवण बघत नाही, साखर खाली ओढतच राहतं. खाणं कमी केलं आणि गोळी तीच ठेवली तर अकरा वाजता वर्गात घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मग बिस्किटांचा पुडा फोडला जातो आणि डाएट मोडल्याचं खापर तुमच्यावर फुटतं. डोस अर्धा करणं किंवा वजन न वाढवणारी दुसरी गोळी देणं हे डॉक्टर ठरवतील. काही आठवड्यांत उभं राहताना चक्कर आली तर बीपीच्या गोळीचंही असंच.

आहारात तक्ते पाळण्यापेक्षा तीन ठिकाणी हात घाला. पहिलं तेल. घरात चार माणसं असतील आणि महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज साडेतीनशे कॅलरी निव्वळ तेलाच्या होतात. तेच दोन लिटरवर आणलं तर दीडशेच्या आत. तुमच्या एकटीसाठी वेगळा स्वयंपाक नको. महिन्याच्या एक तारखेला दोन लिटर बाजूला काढा आणि फोडणी चमच्याने मोजा, किटलीने ओतू नका. दुसरं प्रथिनं, दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. पातळ आमटीची वाटी चार-पाच ग्रॅमच देते. मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ वाटीभर सात, एक अंडं सहा, २५० मिली दूध आठ, १०० ग्रॅम पनीर अठरा, ३० ग्रॅम सुके सोयाचंक्स पंधरा. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेत असाल तर एक पोळी, उसळ आणि दही न्या. तिसरं, संध्याकाळचे साडेपाच. शाळेतून आल्यावर चहाबरोबर जे जातं त्याचा हिशेब कुणीच लिहीत नाही: फरसाण, टोस्ट, मुलाच्या डब्यात उरलेलं. त्या वेळी ताक आणि भाजलेले फुटाणे एवढंच हाताशी ठेवा. एकूण दिवसाला १४०० ते १५०० कॅलरी तुमच्या वजनाला पुरतात. त्याहून कमी स्वतःच्या मनाने करू नका.

गुडघे दुखताहेत तोवर दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. दहा-दहा मिनिटं तीनदा सपाट जागेवर चाला, जमलं तर जागेवरची व्यायामाची सायकल. आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठबस, दहादा, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. वजन घटताना स्नायू टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही.

बारा आठवड्यांत पाच किलो उतरले तर चांगलं काम झालं. समजा दहा उतरले आणि एचबीए१सी ६.५ आलं, तर ऑपरेशन पुढे ढकलून तीन-तीन महिन्यांनी बघायला हरकत नाही. समजा दोनच उतरले, तरी नापास झाल्यासारखं समजू नका. तेव्हा तारीख घ्या.

मधली एक वाट इंजेक्शनची आहे. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही दोन्ही भारतात २०२५ पासून मिळतात. आठवड्याला एक टोचायचं. चाचण्यांमध्ये सव्वा-दीड वर्षात सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. डायबिटीस असलेल्यांत घट याहून कमी दिसते. बंद केलं की बरंचसं परत येतं. ऑपरेशनला तुमचं मन तयारच नसेल तर हा खरा पर्याय आहे, पण महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं धरून चाला. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर असेल तर नको. आणि ऑपरेशनआधी हे घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगायचंच, जठर हळू रिकामं होत असल्याने उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

पैशाचं बोलू. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात स्टेपलच्या काडतुसांचा आकडा धरलाय का ते बघा. एका ऑपरेशनला पाच-सहा काडतुसं लागतात आणि बिल तिथेच फुगतं. आरोग्य विमा असेल तर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या ठरलेल्या अटीनुसार बीएमआय ४० हवा, किंवा ३५ च्या वर असून काबूत नसलेला टाइप-२ डायबिटीस, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, हृदयधमनीचा आजार किंवा जाडीमुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, यांपैकी एक हवा, आणि आधीचे साधे उपाय फसलेले हवेत. तुम्ही ३९.३ वर आहात, म्हणजे दुसऱ्या खिडकीत. म्हणून ८.४ चा रिपोर्ट, झोपेचा अहवाल, दोन्ही डाएटच्या वेळच्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या नोंदी एका फाइलीत लावा. पॉलिसी नवी असेल तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ संपलाय का तेही पाहा. मंजुरी आधी घ्यायची. नंतर क्लेम करू म्हणणाऱ्यांची बहुधा फसगत होते.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचं पातळ खाणं असतं. लोक ते ‘शेवटचं मनसोक्त जेवून घेऊ’ म्हणून मोडतात. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, त्यातली चरबी या दोन आठवड्यांत उतरली की सर्जनला खालचं दिसतं. नाही उतरली तर दुर्बिणीचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. या काळात साखरेच्या गोळ्या परत बदलाव्या लागतात. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन जातीची गोळी सुरू केली असेल तर ती तीन-चार दिवस आधी थांबवायची असते.

नंतरचं महिन्याभराचं खाणं असं: पहिले एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेलं पातळ, दोन आठवड्यांपर्यंत ताक, दूध, वरणाचं पाणी, प्रोटीन पावडर. मग दोन आठवडे घोटलेलं मुगाचं वरण, कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं. भाकरी-पोळी सहा आठवड्यांनंतर, तीही चतकोर. पोळीचा ओला गोळा आणि भात अडकतो, ही सगळ्यांची तक्रार असते. घास वीस-पंचवीसदा चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दीड ते दोन लिटर पाणी दिवसभर घोट-घोट. आधी प्रथिनं खायची, मग भाजी, जागा उरली तर पोळी. बायपासनंतर बासुंदी किंवा सरबत घेतलं तर पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. एकदा अनुभव आला की बासुंदीची वाटी आपोआप दूर राहते.

धोके सांगायला हवेत. अनुभवी टीमच्या हातून महिन्याभरात मृत्यू होण्याचं प्रमाण हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. शिवणीतून गळती शंभरात साधारण एखाद्याला होते. घरी गेल्यावर नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच दवाखान्यात जायचं. पोट फार दुखत नाही म्हणून थांबू नका, गळतीत नाडी आधी बोलते. सतत उलट्या होत असतील तर थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, काही आठवड्यांतच संपतं. गावातल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला सांगा. ही ओळ कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात अचानक पिळवटून दुखलं तर गॅस समजून काढा पिऊ नका, आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं आणि सीटी स्कॅन लागतो.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिलिग्रॅम विभागून, पाळी चालू आहे तोवर लोह ४५ ते ६०, बी१२ रोज तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, डी जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. पहिले सहा महिने पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड देतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, घाबरू नका, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात. दीड वर्ष गर्भ राहू नये याची काळजी घ्या, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, तांबी बरी.

दोन वर्षांनी वजन परत थोडं चढतं, बहुतेक सगळ्यांचंच. जास्त कुणाचं चढतं? जे चहा-बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम असं मऊ आणि सुटं दिवसभर खात राहतात. लहान पोट ताटभर जेवण अडवतं, चिवडा अडवत नाही. पहिल्या वर्षी भूक कमी झालेली असते, त्या वर्षात डबा आणि साडेपाचची वेळ बसवून घेतली तर पुढे टिकतं.

आता उपास. पहिलं वर्ष नकोच. त्यानंतर दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा यांवरचा उपास करता येईल, साखरेच्या गोळ्या किती उरल्या आहेत ते पाहून. साबुदाण्याची खिचडी तशीही नको. प्रथिनं जवळपास नाहीत, चिकट गोळा अडकतो आणि साखर चढते. शेंगदाण्याच्या कुटाने तिला प्रथिनं मिळतात म्हणावं तर तेलही तेवढंच असतं. हरतालिकेचा निर्जळी उपास मात्र कायमचा सोडावा लागेल. एरवी दिवसभर पाणी न घेता दुसऱ्या दिवशी तांब्याभर एकदम पिऊन भरपाई होते. नव्या पोटात एका वेळी तीन-चार घोटच मावतात.